कोकणातला पर्यावरणाचा खटला कोण उभा करतं?

एखाद्या प्रकल्पाला मिळालेली पर्यावरण मंजुरी तुम्हाला मान्य नसेल, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. उशीर का झाला याचं पटण्याजोगं कारण दिलंत तर लवाद आणखी जास्तीत जास्त ६० दिवस वाढवून देऊ शकतो. त्यानंतर मुद्दा कितीही खरा असला तरी अपील घेतलं जात नाही. आणि कोकणातली माणसं वकिलाकडे येतात ती बहुतेक वेळा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जेसीबी चढल्यावर, नाहीतर खाडीत मेलेली मासळी वर आल्यावर.

रत्नागिरीत पर्यावरण आणि वीज या दोनच विषयांचं काम करणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी कागदपत्रं लावते. कोर्टात बोलणाऱ्या मॅडम एकट्याच. पण त्यांच्या हातात जी फाईल जाते ती तयार करणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांच्याबद्दल बाहेर फारशी कुणाला माहिती नसते. ती काय करतात हे कळलं तर लोक वेळेत येतील, येताना योग्य तेच घेऊन येतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कारकुनापासून करते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना सकाळी आले की आधी स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा वाचतात, मग केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर जिल्ह्यातले नवे प्रस्ताव आणि मंजुऱ्या बघतात. काम कंटाळवाणं दिसतं, पण अपिलाचा जीव त्यातच असतो. मुदत मोजायची ती मंजुरी लोकांना कळवली त्या दिवसापासून. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरी मिळाल्यावर कंपनीने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांना द्यायची आणि त्यांनी ती ३० दिवस लावून ठेवायची असते. प्रत्यक्षात जाहिरात एका तारखेला येते, संकेतस्थळावर मंजुरी दुसऱ्या तारखेला चढते, ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद तिसऱ्याच दिवशी लागतो, कधी लागतच नाही. मग ३० दिवस कुठून मोजायचे यावरच एखादी अख्खी सुनावणी खर्ची पडते. म्हणून नाना गावातल्या कुणाला तरी फोन करून सांगतात, ‘दादा, ग्रामपंचायतीच्या फलकाचा आजचा फोटो पाठव. काही लागलेलं नसेल तरी पाठव.’ रिकाम्या फलकाचा तारीख असलेला फोटो हा पुरावा असतो.

लवादाच्या बाकीच्या मुदतीही इथेच सांगते. मंजुरीचा प्रश्न नसून दुसरा काही पर्यावरणाचा तंटा असेल, तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने. नुकसानभरपाई किंवा झालेली हानी भरून काढून हवी असेल तर ५ वर्षं. दोन्हीकडे पटण्याजोगं कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. ‘पहिल्यांदा’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण मासळी दर वर्षी मरत असेल तर समोरचा वकील सगळ्यात जुनी तारीख काढून दाखवणार हे ठरलेलं.

मंजुरीच्या आधी जनसुनावणी असते, आणि माझ्या मते खटल्याचा पाया तिथे पडतो. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही हे मात्र गावात फार थोड्यांना माहीत असतं. मांडवात दहा माणसं असली तरी ती झाली असंच धरलं जातं. लोक रागाने बहिष्कार घालून उठून जातात. त्यांचा राग मला समजतो, तो खरा असतो. पण नंतर लवादापुढे विचारलं जातं की हा मुद्दा तुम्ही जनसुनावणीत मांडला होता का, आणि तेव्हा आमच्याकडे दाखवायला कागद नसतो. बहिष्कार घालायचा तर जरूर घाला, पण जाण्याआधी लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. आमच्या ज्युनियर ताई जनसुनावणीला जातात तेव्हा त्यांचं मुख्य काम हेच असतं. मांडवाच्या कोपऱ्यात बसून लोकांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायच्या, सही-अंगठा घ्यायचा, पोच घ्यायची. गोषवारा वाचला जाताना कुठला मुद्दा गळला तर तिथल्या तिथे उभं राहून सांगायचं.

आता सड्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणातले मोठे प्रकल्प येतात ते याच कातळावर. सातबाऱ्यावर ही जमीन वरकस (हलकी) नाहीतर पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) म्हणून लागलेली असते. मे महिन्यात बघाल तर काळा कातळ, वाळकं गवत आणि ऊन, दुसरं काही नाही. पर्यावरण अहवालासाठी अनेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका ऋतूची आकडेवारी पुरते, त्यामुळे पाहणी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात होते आणि अहवालात ‘ओसाड जमीन’ असं येतं. पण सडा जगतो तो जून ते सप्टेंबर. पहिल्या पावसानंतर कातळाच्या भेगांतून कोकण दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती फक्त कोकणातली. पुढे पाण्याच्या डबक्यांभोवती सीतेची आसवं निळा-जांभळा गालिचा घालतात. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरत मुरत खालच्या वाडीतल्या झऱ्यांना आणि विहिरींना जातं. बारसूसारख्या सड्यांवर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

आमच्या कचेरीत वनस्पतिशास्त्र शिकलेली एक मुलगी आहे. तिच्याकडे वकिलीची सनद नाही. पावसाळ्यात ती सड्यावर असते. चौकोन आखून त्यातली झाडं मोजते, फोटो काढते, प्रत्येक फोटोला तारीख आणि अक्षांश-रेखांश लावते. खालच्या वाडीत जाऊन विहिरींची पातळी दोरीने मोजून वहीत लिहिते. लवादाच्या पीठावर न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात, ते थेट विचारतात की ही नोंद कोणत्या महिन्यातली, कुणी केली, पद्धत काय होती. नुसतं ‘आमचा सडा फार सुंदर आहे’ याला तिथे उत्तर मिळत नाही. तिच्या वहीला मिळतं.

किनाऱ्याच्या कामात तिच्या जोडीला सर्व्हेअरकाका असतात. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना १९९१ मध्ये आली, २०११ मध्ये बदलली आणि २०१९ मध्ये पुन्हा बदलली. तिन्हीत सगळं मोजमाप सुरू होतं ते भरती रेषेपासून, म्हणजे उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोचतं तिथपासून. समुद्राकाठी त्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत नियमन लागू होतं. खाडीकाठी २०११ मध्ये ते १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल तितकं होतं. २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात ना-विकास क्षेत्रही २०० मीटरवरून ५० मीटरवर आलं. दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ माणसांहून जास्त. विरळ वस्तीच्या गावात ते २०० मीटरच राहिलं. म्हणजे एकच बांधकाम कोणत्या नियमावलीत आणि कोणत्या नकाशात बसवायचं यावर ते बेकायदेशीर की कायदेशीर हे ठरतं. कांदळवनाच्या बाबतीत महाराष्ट्रात आणखी एक भक्कम आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असं सांगून त्यांच्या संरक्षणाचे आदेश दिले.

सर्व्हेअरकाका गटाचा नकाशा आणि किनारा व्यवस्थापन आराखडा एकमेकांवर ठेवून बघतात. आराखड्याच्या मसुद्यात खाजणातलं (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीतलं) पाणी बांधापाशीच थांबलेलं दाखवलं असेल आणि गावाला माहीत असेल की बांध फुटल्यापासून ते पार भातशेतीत शिरतं, तर ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला गावातल्या माणसांबरोबर जाऊन पाणी पोचलेल्या जागी खुणा करतात. गावाने केलेली खूण म्हणजे अधिकृत भरती रेषा नव्हे, ती ठरवण्याची यंत्रणा वेगळी आहे. पण मसुद्यावर हरकत घेताना त्या खुणा, फोटो आणि तिथी-वेळ जोडली तर उत्तर द्यावं लागतं.

सगळ्यात अवघड काम मच्छीमारांचं. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, त्यावर पंचवीस सहहिस्सेदार आणि त्यातले निम्मे मुंबईला असले तरी असतो. समुद्राचा सातबारा कुणाकडेच नाही. खाडीत मासेमारी बंद पडली तर ‘तू इथे मासे मारत होतास कशावरून?’ हा पहिला प्रश्न येतो. नौकेचा मालक असेल तर नोंदणी, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व, डिझेल परताव्याचे कागद, लिलावाच्या पावत्या असं काहीतरी निघतं. ओहोटीला चिखलात उतरून कालवं, तिसऱ्या, खुबे काढणाऱ्या बायांकडे यातलं काहीच नसतं. नौका नाही, परवाना नाही, पावती नाही. आणि प्रकल्पाच्या भिंतीने किंवा गाळाने पहिला घास जातो तो त्यांचाच.

नाना या बायांच्या जबान्या घेतात तेव्हा मी शेजारी बसून लिहून घेते. ‘किती वर्षं करता?’ असं ते विचारत नाहीत, कारण त्याला ‘लहानपणापासून’ एवढंच उत्तर येतं. ते विचारतात, ‘मावशी, कुठल्या तिथीला उतरता?’ एकजण म्हणाल्या, ‘अष्टमी-नवमीला नाय जात. भांगाचं पाणी तितकं उतरत नाय, खडप उघडं पडत नाय.’ भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी, खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. मग कुठल्या बाजूने उतरता, खडपाला काय म्हणता, किती वेळ मिळतो, माल कोण घेतं, बाजाराला कुठल्या दिवशी बसता. ही सगळी माहिती प्रतिज्ञापत्रात जाते. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, त्यांच्याशी या तिथ्या ताडून बघता येतात. ज्या बाईने एकही पावती कधी पाहिली नाही तिने सांगितलेल्या वेळा सरकारी कोष्टकाशी तंतोतंत जुळतात, तेव्हा ती खाडीत उतरत होती याबद्दल शंका घेणं समोरच्याला कठीण जातं.

अशा कामाला फळ येतं का? येतं. उरण भागातल्या पारंपरिक मच्छीमारांनी जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्ताराविरुद्ध पुण्याच्या हरित लवादात दाद मागितली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. मासेमारीची जागा आणि खाडीची वाट गेल्याने झालेलं नुकसान पैशात मोजता येतं, हे लवादाने त्यात मान्य केलं. त्यासाठी आधी ती कुटुंबं कागदावर यावी लागतात.

मासळी मेल्यावर लोक बाटलीत पाणी भरून घेऊन येतात. त्याबद्दल थोडंसं. जल प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात नमुना कसा घ्यायचा हे सांगितलेलं आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने, ज्याचं सांडपाणी त्याला कळवून, नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद करून, सह्या घेऊन. तुमची बाटली त्या अर्थाने कायदेशीर नमुना ठरत नाही. म्हणून आधी मंडळाच्या कार्यालयाला फोन आणि लगेच ईमेल करा, वेळ लिहा, पाण्याचा रंग आणि मेलेल्या माशांचा फोटो काढा, भरती होती की ओहोटी ते नोंदवा. ओहोटीचं असेल तर पाणी वरून, कारखान्यांच्या अंगाने येत होतं. भरतीचं असेल तर कदाचित खालून. एवढी एक नोंद पुढे फार कामाला येते.

आता विजेकडे. पर्यावरणाच्या कचेरीत विजेचं काम कशाला, असं बरेचजण विचारतात. कोकणात हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प, माडबनचा प्रस्तावित (जैतापूर) अणुप्रकल्प, जयगडचा औष्णिक प्रकल्प, आणि विजेच्या वाहिन्यांसाठी आंबा-काजूच्या बागांतून गेलेले मनोरे. दाभोळचा पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. गावातल्या लोकांनी जमीन, पाणी आणि मासेमारीचे प्रश्न विचारले होते. राज्याला जो दणका बसला तो वीजखरेदी कराराचा. अशा करारात दोन आकार असतात. बदलता आकार जेवढी वीज घ्याल तेवढ्या इंधनाचा. स्थिर आकार प्रकल्प तयार आहे म्हणून द्यायचा, वीज कमी घेतली तरीही. महागडी वीज घ्यायची नाही म्हटलं तरी बिल थांबत नव्हतं ते यामुळे. आमच्याकडे वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक अभियंते येतात, ते असे करार आणि दरवाढीचे प्रस्ताव वाचून मॅडमना समजावून देतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती मागवतो. सामान्य ग्राहकालाही तिथे लेखी हरकत देता येते आणि बोलता येतं. किनाऱ्यावरून तिथे फार थोड्या हरकती जातात, याचं मला वाईट वाटतं.

पर्यावरण आणि वीज एकाच ठिकाणी कशी भेटतात याचं चांगलं उदाहरण डहाणूचं. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे खास प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. चिकूच्या बागांजवळच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राने धुरातला गंधकाचा अंश काढणारी यंत्रणा बसवावी यासाठी या प्राधिकरणाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि ती बसली. अशा यंत्रणेचा खर्च शेवटी वीजदरात येतो, त्यामुळे एकच माणूस दोन्ही कायद्यांचे कागद वाचू शकत असेल तर फायदा होतो.

मनोऱ्यांच्या बाबतीत कायद्याची एक खोच आहे. विद्युत कायद्यातल्या कलम १६४ खाली वाहिनी टाकणाऱ्या कंपनीला जुन्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. मग जमीन संपादित होत नाही, सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं, पण मनोरा उभा राहतो आणि वाहिनीखालची आंबा-काजूची कलमं तोडली जातात. भरपाई द्यावीच लागते, आणि ती कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. तिथे अडतं ते पीक पाहणीवर. बागेत ऐंशी कलमं उभी असतात आणि सातबाऱ्यावर तीस लागलेली असतात. मनोऱ्याची आखणी करणारी माणसं येण्याआधी ई-पीक पाहणीत कलमांची संख्या नीट नोंदवा, मागच्या काही वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा.

कुठे जायचं हे प्रकरणावर ठरतं. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. पर्यावरणाच्या ठरावीक कायद्यांपुरताच त्याचा अधिकार, वन्यजीव संरक्षण कायदा त्या यादीत नाही. तसल्या प्रकरणात उच्च न्यायालयात जावं लागतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय. आंबा घाट चढला की आलं, त्यामुळे मुंबईच्या एका तारखेत जाणारे दोन-तीन दिवस वाचतात. रायगडकरांना मात्र मुंबईच.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण लोक त्यालाच घाबरून येत नाहीत. लवादात भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी १००० रुपये. भरपाई मागितली तर मागणीच्या १ टक्का. वकिलाची फी वेगळी. ‘भरपाई मिळाली की त्यातले इतके टक्के द्या’ असा सौदा कुणी वकील करत असेल तर तो करू नका, बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला बंदी आहे. आणि कचेरी कंपन्यांचंही काम घेते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. कंपनीला परवाने मिळवून देणं हे काही वाईट काम नाही, पण तुमच्या खाडीत पाणी सोडणाऱ्याचेच कागद त्याच टेबलावर असतील तर ते तुम्हाला आधी कळायला हवं. आमच्या मॅडम हे न विचारता सांगतात. सगळ्यांनी सांगायला हवं.

फी परवडणारच नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकिलाची सोय आहे. अनुसूचित जाती-जमाती, आपत्तीग्रस्त, कमी उत्पन्नाची माणसं त्यात येतात. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही, आणि या कायद्यात न्यायालय म्हणजे लवादही धरला आहे. त्यामुळे खाडीत उतरणाऱ्या मावशींच्या नावाने अर्ज करायचा असेल तेव्हा आम्ही त्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जातो. सोबत आधार कार्ड आणि काय झालं ते लिहिलेला साधा मराठी अर्ज असला की पुरतं.